कढईतलं तेल डिझेलच्या टाकीत घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, सव्वा लाख किलोमीटर झालेली. मामांचं वडा-भजीचं हॉटेल, तिथं महिन्याला साठेक लिटर वापरलेलं तेल निघतं. जर्मनीतला मित्र म्हणतो की तिकडे लोक खायच्या तेलावर गाड्या चालवतात. मग हे तेल कापडातून गाळून डिझेलमध्ये मिसळलं तर चालेल का? आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की मागच्या आठवड्यात पाच लिटर घालून पाहिलंसुद्धा आणि गाडी 'लोण्यासारखी' चालली.

ती शेवटची ओळ आधी लिहायला हवी होती. तिच्यावर मी शेवटी येतो. पण हे वाचून होईपर्यंत तरी आणखी तेल घालू नका.

माझं काम कोल्हापुरात, इंजिनाला डिझेल ढकलणारा पंप आणि ते आत फवारणारं नोझल यांच्या दुरुस्तीचं, २७ वर्षं झाली. पंप खोलायचा, एलिमेंट बदलायची, टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन करायचं, नोझलचा फवारा बघायचा. यातली तीन वर्षं मी स्वतः एक गाडी वापरलेल्या तेलावर चालवली आहे. त्यामुळे 'असलं काही होत नसतं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. होतं. डिझेल इंजिन तेल जाळतं, त्यात शंकाच नाही. पण इंजिन जाळतं म्हणून पंपाला आणि नोझलला ते झेपतं असं नाही, आणि तुमच्या गाडीच्या पंपाला तर मुळीच नाही.

पाच लिटर घालून गाडी चालली, याचा अर्थ काय? टाकीत वीसेक लिटर डिझेल असेल, त्यात पाच लिटर तेल. म्हणजे पाचातला एक भाग. मे महिन्याच्या उकाड्यात एवढं मिश्रण बहुतेक सगळी इंजिनं पचवतात. त्रास असतो तो हळू चढणारा. सिगारेट ओढणाऱ्याला पहिल्या पाकिटाला काही होत नाही, तसंच.

आधी दाटपणा समजून घ्या, कारण निम्मी गोष्ट त्यात आहे. ४० अंशांना मोजलं तर डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक, आपल्याकडच्या मानकात तेवढाच बसवलेला. सोयाबीन, सूर्यफूल, पाम यांचा त्याच तापमानाला ३० ते ४०. म्हणजे जवळपास दहापट. एरंडेल तर दोनशेच्या वर जातं. नोझलचं काम हे डिझेल धुक्यासारखं उडवायचं. द्राक्षाच्या बागेत ब्लोअरनं औषध मारताना बघितलं असेल: धुकं झालं की पानाला लागतं, थेंब पडायला लागले की सगळं जमिनीवर. इथं जमीन म्हणजे पिस्टनचं डोकं आणि बोअरची, म्हणजे सिलिंडरची, भिंत. दाट तेलाचे थेंब मोठे होतात, लांब जातात, भिंतीला लागतात आणि अर्धवट जळतात.

अर्धवट जळलेल्या तेलाचं काय होतं हे तुमच्या मामींना विचारा. बिडाच्या तव्याला तेल लावून तापवला की त्यावर जो काळा, गुळगुळीत, नखानंही न निघणारा थर बसतो, तोच थर नोझलच्या तोंडावर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतो. तव्यावर तो हवाच असतो. रिंगा मात्र मोकळ्या फिरल्या पाहिजेत. त्या चिकटल्या की कॉम्प्रेशन जातं, ऑइल वर चढतं, धूर येतो, आणि मग माणूस माझ्याकडे येऊन म्हणतो, 'नोझल तपासा, गाडी ओढत नाही.' तोवर नोझल तपासून काही उरलेलं नसतं, इंजिन काम निघालेलं असतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते आणि ती जास्त वाईट. भिंतीवरून ओघळलेलं न जळलेलं तेल खाली चेंबरमध्ये, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिझेलही थोडं उतरतं, पण ते १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळणारं, त्यातलं बरंच इंजिन तापल्यावर वाफ होऊन निघून जातं. खायचं तेल वाफ होत नाही. ते तिथंच राहतं, तापतं, हवा खातं आणि हळूहळू गोठतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर चिकट पिवळा थर असतो ना, तोच प्रकार. एकदा एका गाडीचा ड्रेन नट मी स्वतः काढला आणि खाली काहीच पडलं नाही. बोट घातलं तर आत श्रीखंडासारखं घट्ट. तसल्या ऑइलवर गाडी आणखी शंभर किलोमीटर गेली असती तर क्रँकच्या बेअरिंगा खाल्ल्या असत्या.

प्रत्येक तेल सारखं गोठत नाही. जवसाचं तेल लाकडाला लावलं की सुकून कडक होतं, म्हणून ते रंगात वापरतात. इंधन म्हणून सगळ्यांत वाईट तेच. करडई, सूर्यफूल, सोयाबीन त्याखालोखाल. शेंगतेल बरं. पामतेल आणि खोबरेल सुकत नाहीत, पण त्यांची तऱ्हा वेगळी: खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, हे आपल्याकडे हिवाळ्यात आंघोळीआधी बाटली गरम पाण्यात ठेवणाऱ्या कोणालाही माहीत आहे. हॉटेलांत बहुतेक पामोलिन असतं, शिवाय थोडं वनस्पती तूप. थंडीत त्यात पांढरी कणी धरते आणि ती कणी फिल्टरमध्ये जाऊन बसते. पॅसिफिक महासागरातल्या बुगनव्हिल बेटाची नव्वदच्या दशकात नाकेबंदी झाली तेव्हा तिथले लोक खोबरेल तेलावर गाड्या चालवत होते. तिथं वर्षभर उकाडा, म्हणून जमलं. शिवाय त्यांच्यापुढे दुसरा इलाजही नव्हता.

आता तुमचं कापड. सुती धोतराच्या चार घड्या केल्या तरी पन्नासेक मायक्रॉनची कणी आरपार जाते. पंपाच्या एलिमेंटमध्ये प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) यांच्यात फट असते दोन ते चार मायक्रॉनची. तुमच्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. आणि बेसनाची राख ही नुसती कणी नसते, ती पॉलिश पेपरसारखी घासते. त्याहून वाईट म्हणजे पाणी. बटाट्यातलं, पिठातलं पाणी तेलात मुरलेलं असतं आणि ते साधं पाणी नव्हे, मिठाचं पाणी. थोडं तेल पळीत घेऊन गॅसवर तापवा. मोहरी टाकल्यासारखं तडतडलं की पाणी आहे. दहा वेळा तपासाल तर नऊ वेळा तडतडेल.

राहिला तुमचा जर्मनीतला मित्र. तो खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. तिथं मोहरीच्या जातीतल्या रेपसीडचं थंड घाण्यावर काढलेलं ताजं तेल वापरायचे. त्याला वेगळं मानक होतं, डीआयएन ५१६०५, त्यात राख किती, फॉस्फरस किती, पाणी किती हे ठरवून दिलेलं. त्या तेलावर कर नव्हता म्हणून ते डिझेलपेक्षा स्वस्त पडायचं. २००६ च्या कायद्यानंतर कर हळूहळू चढत गेला आणि लोकांनी नाद सोडला. ब्रिटनमध्ये तर २००२ साली वेल्समधल्या लानेली भागात दुकानातून खायचं तेल आणून गाडीत घालणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं होतं. तेल घातलं म्हणून नव्हे, इंधनावरचा कर बुडवला म्हणून.

शिवाय ज्या गाड्यांवर हे चालायचं त्या गाड्या कुठल्या, ते विचारा त्याला. जुन्या मर्सिडीज. विशेषतः २४०डी आणि ३००डी. आणि इथं आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला गंमत वाटेल: त्या २४०डीचं जे ओएम ६१६ इंजिन, तेच बजाज टेम्पोनं परवाना घेऊन पुण्यात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. म्हणजे परदेशात हौशी लोक ज्या इंजिनासाठी भंगारबाजार धुंडाळत होते, ते आपल्याकडे वडापला चौदा माणसं आणि टपावर शेळी घेऊन घाट चढत होतं.

माझी गाडी हीच. जुनी ट्रॅक्स, गॅरेजच्या कामाला ठेवलेली.

या इंजिनाला तेल का चालतं? दोन कारणं. एक म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न मारता आधी हेडमधल्या छोट्या खोलीत, प्रीचेंबरमध्ये मारतात. ती खोली लालबुंद तापलेली असते, तिथं दाट थेंबही पेटतो आणि भडका होऊन बाहेर येतो. नोझलला भोक एकच, मोठं, आणि ते सव्वाशे बारच्या आसपास उघडतं. दुसरं कारण पंप. रांगेतला पंप, चार सिलिंडरला चार एलिमेंट, आणि पंपाची खालची बाजू इंजिनाच्या ऑइलवर चालते. इंधन पातळ असो की दाट, कॅमशाफ्टला त्याचं काही नाही.

रोटरी पंपाचं तसं नाही. त्यात एकच डोकं फिरत राहून चारही नोझलना डिझेल वाटतं आणि आतलं सगळं वंगण म्हणजे तेच डिझेल. एक गिऱ्हाईक होतं, गडहिंग्लजकडचं, जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत शेवेच्या कारखान्यातलं तेल निम्मं मिसळून घालायचं. दिवाळीपर्यंत मजेत चाललं. डिसेंबरात एक दिवस पहाटे गाडी सुरूच होईना म्हणून त्यानं सेल्फ मारत मारत बॅटरी उतरवली, मग चौघांनी ढकलून गिअरमध्ये सोडली. कट् असा आवाज आला. पंपाचा आतला शाफ्ट तुटलेला. थंड दाट तेलानं डोकं जाम झालं होतं आणि इंजिन ते जबरदस्तीनं फिरवायला गेलं. तो पंप माझ्या कपाटात आहे अजून, नव्या पोरांना दाखवायला.

माझ्या ट्रॅक्सला मी सरळ तेल घातलं नव्हतं, हे नीट वाचा. दोन टाक्या होत्या. मूळ टाकीत डिझेल, मागच्या सीटखाली चाळीस लिटरची वेगळी टाकी, तिच्यात तेल. रेडिएटरचं गरम पाणी नळीनं मागं नेऊन तेलाच्या टाकीत वेटोळं फिरवलेलं, फिल्टरलाही गरम पाण्याचं आवरण. ड्रायव्हरच्या पायाशी दोन दिशांचा कॉक. सकाळी गाडी डिझेलवर सुरू करायची, दहा-बारा मिनिटं चालवायची, पाणी ७५ अंशांच्या पुढे गेलं की कॉक तेलावर. ८० अंशांना तापवलं तरी तेल डिझेलपेक्षा दाटच राहतं, पण नोझलला झेपेल इतपत पातळ होतं. घरी येताना शेवटचे चार-पाच किलोमीटर पुन्हा डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल राहायला नको. हे विसरायचं नाही. माझा पोरगा एकदा विसरला आणि गाडी तेलावरच बंद केली. दुसऱ्या दिवशी चारही नोझल काढून धुवावे लागले.

चुका मीही केल्या. पहिलं वेटोळं मी तांब्याच्या नळीचं केलं. तांबं उष्णता चांगली नेतं, वाकवायला सोपं, सगळं बरोबर. पण तांबं तेलाला लवकर खवट आणि चिकट करतं. दोन महिन्यांत फिल्टरमध्ये हिरवट जेली सापडायला लागली. आपल्याकडे ताकाची कढी तांब्याच्या भांड्यात करत नाहीत, केलीच तर कल्हई लावून, हे आई सांगायची. गॅरेजात आठवलं नाही. मग स्टीलची नळी बसवली.

ही व्यवस्था म्हणजे फुकट इंधन असं समजू नका. तेल आणायचं, ड्रममध्ये पंधरा दिवस स्थिर ठेवायचं, वरवरचं उपसून घ्यायचं, तापवून पाणी काढायचं, मग तीन टप्प्यांत गाळायचं, शेवटचा फिल्टर पाच मायक्रॉनचा. प्रत्येक रविवार त्यात गेला. अंगणात ड्रम, ड्रमवर मुंग्या, बायकोची बोलणी. इंजिन ऑइल मी दर तीन हजार किलोमीटरला बदलत होतो, कारण श्रीखंड डोळ्यासमोर होतं. लिटरमागे ताकद डिझेलपेक्षा चार-पाच टक्के कमी, घाटात कळायचं. धुराला खमंग वास यायचा हे मात्र खरं. रंकाळ्यावर गाडी उभी केली की लोक वळून भेळेची गाडी कुठं आहे ते बघायचे.

तीन वर्षांनी हेड उघडलं. प्रीचेंबर माझ्या अपेक्षेपेक्षा स्वच्छ. नोझलवर काजळी होती, पण साफ होण्यासारखी. चारातल्या दोन पिस्टनच्या वरच्या रिंगा मात्र चिकटलेल्या. इतकी काळजी घेऊन, जगातल्या सगळ्यांत सहनशील इंजिनात, ही गत. हिशेब मांडला तर वाचलेले पैसे इंजिन कामात आणि ऑइलमध्ये गेले होते, वर रविवार फुकट. शिवाय तोवर हॉटेलवाले तेलाचे पैसे मागायला लागले होते. मी कॉक काढून टाकला.

आता तुमच्या स्विफ्टकडे या. तिचं १.३ लिटरचं इंजिन कॉमन रेलचं आहे, म्हणजे चारही इंजेक्टरना एकाच समाईक नळीतून, रेलमधून, खूप दाबाचं इंधन मिळतं. प्रीचेंबर नाही, इंधन थेट पिस्टनच्या वाटीत. नोझलला केसाच्या जाडीच्या जवळपासची पाच-सहा भोकं. रेलमधला दाब जास्तीत जास्त दीड हजार बारच्या आसपास. तुमच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बार, यावरून काय ते समजा. एका स्फोटासाठी इंजेक्टर एकापेक्षा जास्त वेळा उघडतो आणि किती क्षण उघडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, डिझेलचा दाटपणा धरून. तेल घातलं की त्याचं गणितच चुकतं. वर डिझेलचा सीटेन, म्हणजे किती पटकन पेट घेतं तो आकडा, किमान ५१, तेलाचा चाळिशीच्या आसपास, म्हणजे ते उशिरा पेट घेतं. सकाळी टकटक आवाज वाढतो तो त्यामुळे. हाय-प्रेशर पंपही इंधनावरच वंगण घेतो, म्हणजे त्या गडहिंग्लजच्या पंपाचं दुखणं इथं आहेच, फक्त पंप महाग. एक नवा इंजेक्टर दहा हजारांच्या पुढे आणि ते चार आहेत. महिन्याला साठ लिटर डिझेल वाचवून तुम्ही पाच-साडेपाच हजार वाचवणार. एक इंजेक्टर गेला की दोन महिन्यांची कमाई गेली, आणि ते सहसा एकटे जात नाहीत.

बीएस-६ गाडीवाल्यांनी तर विचारूही नये. धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी त्यांतल्या बऱ्याच गाड्या मुद्दाम उशिरा इंधन मारतात. ते भिंतीवरून खाली उतरतं. डिझेल असेल तर वाफ होतं, तेल असेल तर श्रीखंड.

लोक मला हटकून सांगतात की डिझेलसाहेबानं, म्हणजे या इंजिनाचा शोध लावणाऱ्या रुडॉल्फ डिझेलनं, इंजिन शेंगतेलासाठीच बनवलं होतं. तसं नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीनं ठेवलेलं एक छोटं डिझेल इंजिन शेंगतेलावर चाललं हे खरं आहे. ते खनिज तेलासाठी बनवलेलं इंजिन होतं आणि काही बदल न करता शेंगतेलावर चाललं, हीच त्यातली नवलाई. आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगा मुबलक म्हणून फ्रेंच सरकारला त्यात रस होता. पुढे डिझेलनं १९१२ मध्ये स्वतःच ही हकिगत सांगितली आहे. पण ते इंजिन सावकाश फिरणारं, आपल्या विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनासारखं. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात थेंबाला जळायला वेळ मिळतो. तुमचं इंजिन मिनिटाला चार हजार फेरे मारतं.

दुसरा घोळ बायोडिझेलचा. बायोडिझेल आणि तेल एक नव्हे. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी चालवली ती ५ टक्के बायोडिझेल मिसळून. त्याच सुमारास मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, लाट आली, माळरानं लावली, रोपवाटिकावाल्यांचं भलं झालं. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात 'झाडाच्या तेलावर गाडी' हे बसलंय. खरं बायोडिझेल म्हणजे तेलाचा रेणू तोडून केलेलं वेगळं द्रव्य. शंभर लिटर तेल, वीसेक लिटर मिथेनॉल, ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा, वापरलेल्या तेलाला त्याच्या आंबटपणानुसार जास्त. ५५-६० अंशांना ढवळत ठेवलं की तळाला तपकिरी ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ पिवळं बायोडिझेल राहतं, दाटपणा ४-५ वर आलेला. ते धुवायचं, सुकवायचं, आयएस १५६०७ या मानकाला उतरतंय का ते प्रयोगशाळेत बघायचं. आंबटपणा मोजायला हौशी लोक हळदसुद्धा वापरतात. साबणानं हळदीचा डाग लाल होतो तोच खेळ.

वाचायला सोपं वाटतं म्हणून सांगतो, घरी करू नका. तेलात पाणी असेल तर बायोडिझेलऐवजी साबण होतो, आणि तो पंधरा लिटरच्या भांड्यात भरून हसत बसतो, हे परवडलं. मिथेनॉल परवडत नाही. ते साधारण ६५ अंशांना उकळतं, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, वाफ श्वासातून आणि कातडीतूनही आत जाते. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलनं. महाराष्ट्रात ते विष म्हणून परवान्याखाली येतं. मामांच्या हॉटेलच्या मागं, गॅसच्या सिलिंडरजवळ त्याचा ड्रम ठेवायचा विचारही करू नका.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी बनवणाऱ्यानं दिलेल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे. दुसरी टाकी, वेगळं इंधन हे त्यात येतं. अपघात झाला आणि विम्याच्या माणसाला मागच्या सीटखाली तेलाची टाकी सापडली, तर पुढचं बोलणं लांबतं.

मग मामांच्या तेलाचं काय? ते वाया घालवा असं मी म्हणत नाही. जुलै २०१८ पासून नियम असा की तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तळून तळून तयार होणारी खराबी, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्याला वापरायचं नाही. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं रुको नावाची योजना काढली, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल कारखान्यांना द्यायची. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदही ठेवावी लागते. नोंदणी असलेले गोळा करणारे किलोवर पैसे देऊन तेल नेतात. मामांना तेच करायला सांगा. फक्त नेणारा नोंदणीचा आहे का ते बघा, कारण जो बिनपावतीचा जास्त भाव देतो तो बहुधा तेच तेल पुढे गाड्यावरच्या कढईत विकतो.

आता तुमचे पाच लिटर.

टाकीत जे आहे ते उपसून काढा. नळी लावून तोंडानं ओढू नका, हातपंप मिळतो. मग डिझेल फिल्टर नवा बसवा, टाकी भरा, एअर नीट काढा. इंजिन ऑइलची काडी बघा: पातळी वर चढली असेल, तर ऑइल आणि ऑइल फिल्टर आजच बदला. चढली नसेल तरी पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता हजार किलोमीटरच्या आत बदलून घ्या. पुढचे काही दिवस पहाटे गाडी लगेच सुरू झाली नाही तर सेल्फ ओढत बसू नका आणि ढकलून तर मुळीच सुरू करू नका. स्कॅनर असलेल्या माणसाकडून रेलचा दाब आणि चारही इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर प्रत्येकाचं इंधन किती कमी-जास्त करतोय ते) बघून घ्या, शक्य असेल तर रिटर्नचं, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणाऱ्या इंधनाचं, मापही. चौघांत एखादा वेगळा दिसला, तरच इंजेक्टर काढायचा. उगीच सगळे काढून देणारा भेटला तर त्याला हात लावू देऊ नका.

उपसलेलं मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये भरा आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'डिझेल' लिहा. मामांच्या तेलाच्या डब्यांजवळ तो कॅन चुकूनही ठेवू नका. गोळा करणारेही ते घेणार नाहीत. ओळखीत कोणाच्या शेतावर जुनं ऑइल इंजिन असेल, तर त्याला सांगून, दहा लिटर डिझेलमागे एखाद-दोन लिटर असं करत उन्हाळ्यातच संपवून टाका.

आणि काढलेला जुना फिल्टर फेकू नका. हॅक्सॉनं कडेनं कापा, आतला कागद उलगडून उजेडात धरा. नुसता काळपट असेल तर निभावलं. त्यावर पिवळट बुळबुळीत लेप असेल, बोटानं ओढल्यावर तार धरत असेल, तर फोटो काढून मला पाठवा. मग इंजेक्टर बेंचवर लावायचे की नाही ते सांगतो.